एक कॅनडा, सहा अर्थव्यवस्था

क्षेत्रफळाने जगात दुसऱ्या क्रमांकाच्या या देशाचे विभाग परस्परांहून किती भिन्न आहेत, ते एकमेकांशी का भांडतात आणि तरीही एकत्र कसे नांदतात, याचा आढावा.

अमेरिकेने २०२५च्या मार्च महिन्यात कॅनडातून येणाऱ्या मालावर वाढीव आयातशुल्क लागू केले, तेव्हा आमच्या वृत्तसंपादन विभागात मथळा सुचायला क्षणही लागला नाही : ‘कॅनडाला फटका’. वृत्तसंस्थेची बातमी पूर्ण वाचल्यावर मात्र या दोन शब्दांचा अपुरेपणा जाणवू लागला. बहुतेक मालावर २५ टक्के शुल्क होते, पण खनिज तेलासारख्या ऊर्जास्रोतांवर केवळ १० टक्के. पुढच्या काही दिवसांत मुक्त व्यापार कराराच्या अटींत बसणाऱ्या मालाला सूट मिळाली. त्यानंतर पोलाद आणि ॲल्युमिनियमवर स्वतंत्र शुल्क आले, पाठोपाठ मोटारींवर आले. त्याच महिन्यात चीननेही कॅनडाच्या कॅनोला तेलावर व पेंडीवर जबर शुल्क बसवले. तेल अल्बर्टाचे, ॲल्युमिनियम क्वेबेकचे, मोटारी ओंटारिओच्या आणि कॅनोला प्रामुख्याने सस्कॅचेवन व शेजारच्या प्रांतांचा. मग फटका नेमका कोणत्या कॅनडाला?

हा प्रश्न केवळ मथळ्यापुरता नाही. आपल्याकडे कॅनडा हा एखाद्या गावाचे नाव असावे तसा उच्चारला जातो. ‘मुलगी कॅनडाला शिकते’, ‘शेजाऱ्यांचा मुलगा कॅनडाला जाणार’ अशी वाक्ये गोव्यातील कित्येक घरांत ऐकू येतात. त्यासाठी कर्ज काढले जाते, प्रसंगी जमीन गहाण पडते. पण जाणारा माणूस ‘कॅनडा’त राहत नाही. तो ओंटारिओत राहतो, मॅनिटोबात राहतो किंवा नोव्हा स्कॉशियात राहतो. तिथले काम, भाषा, घरभाडे, रुग्णालय आणि भवितव्य यांतील बराचसा भाग त्या प्रांतावर ठरतो.

देश रुंद, वस्ती अरुंद

कॅनडाचे क्षेत्रफळ सुमारे ९९ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिपटीहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र ४ कोटींच्या थोडी पुढे, महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. त्यातही दोनतृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत राहतात. नकाशावर प्रचंड दिसणारा हा देश प्रत्यक्षात एका लांबलचक, अरुंद पट्ट्यात वसलेला आहे.

याचे कारण थंडी, हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर खडकात आहे. हडसन उपसागराला घोड्याच्या नालेसारखा वेढा घालून पसरलेल्या अतिप्राचीन कठीण खडकाच्या प्रदेशाला ‘कॅनेडियन शील्ड’ म्हणतात. देशाची जवळपास निम्मी भूमी त्याने व्यापली आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी त्यावरची माती खरवडून नेली. मागे उरली ती असंख्य सरोवरे, सूचिपर्णी अरण्ये आणि मातीचा पातळ थर. तिथे नांगर चालत नाही, पण खडकाच्या पोटात निकेल, तांबे आणि सोने आहे. ओंटारिओतील सडबरी येथील निकेलचा साठा १८८३ मध्ये रेल्वेमार्ग खोदताना उजेडात आला.

सुपिरियर सरोवराच्या उत्तरेला हा खडक थेट अमेरिकेच्या सीमेपर्यंत उतरतो. त्यामुळे ओंटारिओची सुपीक शेती आणि पश्चिमेकडील गवताळ मैदाने यांच्यामध्ये हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा, जवळजवळ निर्मनुष्य पट्टा पडतो. पश्चिमेला रॉकी पर्वतरांगा आहेत. पूर्वेला न्यूफाउंडलंड हे बेट आहे. निसर्गाने या देशाचे तुकडे आडवे जोडलेले नाहीत. प्रत्येक तुकड्याची सोपी वाट दक्षिणेकडे, अमेरिकेत उतरते. अटलांटिक किनारा अमेरिकेच्या न्यू इंग्लंडला लागून आहे, ओंटारिओ मिशिगनला, मैदाने डाकोटाच्या मैदानांना आणि ब्रिटिश कोलंबिया वॉशिंग्टन राज्याला.

१ जुलै १८६७ रोजी संघराज्य स्थापन झाले, तेव्हापासून या निसर्गाविरुद्ध देश आडवा शिवण्याचा प्रयत्न चालू आहे. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये सामील झाला तो रेल्वेमार्गाच्या आश्वासनावर. खडक फोडत, पर्वत ओलांडत निघालेला तो मार्ग ७ नोव्हेंबर १८८५ रोजी जोडला गेला. आज देशात १० प्रांत आणि ३ केंद्राधीन प्रदेश आहेत. आर्थिकदृष्ट्या पाहिले तर त्यांचे सहा विभाग पडतात.

अटलांटिक किनारा : समुद्राने दिले, समुद्राने नेले

न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर, नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड बेट हे पूर्वेचे चार प्रांत. मासेमारी, लाकूड, बटाट्याची शेती आणि बंदरे हा इथला जुना संसार. चौघांची मिळून लोकसंख्या २६ ते २७ लाखांच्या घरात आहे.

न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रातील कॉड माशाने पाच शतके युरोपातील जहाजांना ओढून आणले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या यांत्रिक नौका, आधी परदेशी आणि मग देशीही, त्या समुद्रावर तुटून पडल्या. शास्त्रज्ञांचे साठ्याचे अंदाज चुकले, सरकारने कोटा वेळेवर कमी केला नाही. अखेर २ जुलै १९९२ रोजी केंद्रीय मत्स्योद्योगमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडील कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. ते स्वतः न्यूफाउंडलंडचेच होते. सुमारे ३० हजार लोकांचे काम एका दिवसात थांबले. बंदी दोन वर्षांची सांगितली होती. ती उठली २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी, आणि तीही अल्पशा कोट्यासह.

१९९१ ते २००१ या दहा वर्षांत या प्रांताची लोकसंख्या सुमारे १० टक्क्यांनी घटली. तरुण पश्चिमेला गेले. कित्येकांनी घर न्यूफाउंडलंडमध्ये ठेवले आणि काम हजारो किलोमीटर दूर अल्बर्टाच्या तेलक्षेत्रात धरले. काही आठवडे तिकडे, काही आठवडे घरी, अशी त्यांची विमानाची पाळी चालू झाली. खाणबंदीनंतर उभे राहिलेले ट्रक आणि रिकामे झालेले बार्ज पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला या किनाऱ्याची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. एकाच उत्पन्नावर उभा असलेला छोटा प्रांत तो आधार सुटल्यावर किती वेगाने रिता होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

सावरायला हात दिला तोही समुद्रानेच. हायबर्निया या समुद्रातील तेलक्षेत्रातून १९९७ मध्ये उत्पादन सुरू झाले. शेवंड आणि खेकड्यांची मासेमारी वाढली. तरीही वृद्धांचे प्रमाण अधिक आणि रोजगार कमी, ही या विभागाची दुखरी बाजू कायम आहे.

क्वेबेक : नदीची वीज, भाषेची भिंत

सुमारे ९० लाख लोकसंख्येचा क्वेबेक हा फ्रेंच भाषकांचा प्रांत. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात त्याची वस्ती एकवटली आहे. उत्तरेला शील्डचा खडक आणि त्यावरून कोसळणाऱ्या नद्या. क्वेबेकच्या आधुनिक अर्थकारणाचा पाया या नद्यांवर आहे. १९६२ची निवडणूक वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या मुद्द्यावर लढली गेली आणि त्यानंतर ‘हायड्रो-क्वेबेक’ ही प्रांतिक कंपनी साऱ्या प्रांताची वीजदात्री झाली. १९७१ मध्ये जेम्स उपसागराच्या परिसरातील महाप्रकल्प जाहीर झाला. तिथल्या क्री आणि इन्युइट या मूळ रहिवाशांना मात्र विचारलेच नव्हते. ते न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये सरकारला त्यांच्याशी करार करावा लागला.

आज क्वेबेकची ९० टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून येते. ती स्वस्त आहे, म्हणून बॉक्साइटची खाण नसतानाही ॲल्युमिनियमचे कारखाने इथे आहेत. कच्चा माल जहाजाने येतो, वीज इथली लागते आणि धातू अमेरिकेला जातो. कॅनडाच्या ॲल्युमिनियमचा बहुतांश भाग याच प्रांतात तयार होतो.

या विजेच्या कथेत शेजाऱ्याचे दुःखही आहे. लॅब्राडोरमधील चर्चिल फॉल्स प्रकल्पाची जवळपास सारी वीज क्वेबेकने १९६९च्या कराराने, एका युनिटला एका सेंटच्याही अंशमात्र दराने, २०४१ पर्यंत विकत घेऊन ठेवली. पुढे तेलाच्या किमती भडकल्या, विजेचे मोल वाढले, पण करार तोच राहिला. न्यूफाउंडलंडने न्यायालयाची दारे अनेकदा ठोठावली आणि प्रत्येक वेळी पराभव पत्करला. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही प्रांतांनी नव्या दराचा प्राथमिक मसुदा मान्य केला.

भाषेबाबत क्वेबेक तडजोड करत नाही. १९७७च्या भाषा सनदेने फ्रेंचला व्यवहाराची भाषा केले, तेव्हा अनेक मोठ्या कंपन्यांनी मॉन्ट्रियल सोडून टोरोंटो गाठले. प्रांताने वेगळे व्हावे काय, यावर १९८० आणि १९९५ मध्ये सार्वमत झाले. दुसऱ्या वेळी विरोधी मते ५०.५८ टक्के होती. देश सुमारे एका टक्क्याच्या अंतराने एक राहिला.

ओंटारिओ : कारखाना आणि तिजोरी

सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येचा ओंटारिओ देशाच्या एकूण उत्पादनात जवळपास दोनपंचमांश वाटा उचलतो. टोरोंटोत बँका आणि शेअरबाजार, ओटावात केंद्र सरकार, तर विंडसरपासून ओशावापर्यंत मोटारींचे कारखाने. १९६५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या मोटार कराराने दोन देशांचा हा उद्योग एक केला. इंजिनाचा एखादा सुटा भाग पूर्ण गाडी होईपर्यंत अनेकदा सीमा ओलांडतो. विंडसर आणि डेट्रॉइट यांना जोडणाऱ्या अँबॅसेडर पुलावरून दोन देशांमधील व्यापाराचा सुमारे पाव हिस्सा जातो. या रचनेवर २५ टक्के शुल्क म्हणजे कारखान्याच्या मधोमध जकात नाका उभारणे होय.

गोमंतकीयांसाठी कॅनडा म्हणजे बहुधा हाच प्रांत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई वंशाच्या लोकांना हाकलले, तेव्हा कॅनडाने आश्रय दिलेल्यांत गोमंतकीय कुटुंबेही होती. पुढे गोवा, मुंबई आणि आखातातूनही लोक आले. टोरोंटो व मिसिसॉगा परिसरात गोमंतकीयांच्या संघटना आणि मराठी मंडळ दीर्घकाळ कार्यरत आहेत. नातलग आहेत म्हणून नवे लोकही तिथेच जातात आणि म्हणूनच घरभाड्याचा ताणही तिथेच सर्वाधिक जाणवतो.

संपन्न ओंटारिओचेही दिवस पालटतात. कारखानदारी ओसरू लागल्यावर २००९-१० मध्ये हा प्रांत इतिहासात पहिल्यांदा केंद्राच्या समानीकरण निधीचा लाभार्थी झाला.

प्रेअरी : गहू, मसूर, पोटॅश आणि तेल

मॅनिटोबा, सस्कॅचेवन आणि अल्बर्टा हे मैदानी प्रांत. देशाच्या लागवडीखालील जमिनीपैकी ४० टक्क्यांहून अधिक जमीन एकट्या सस्कॅचेवनमध्ये आहे. आपल्या किराणा दुकानातील मसुराचा या प्रांताशी जवळचा संबंध आहे. मसुराच्या निर्यातीत कॅनडा जगात अग्रेसर आहे, त्यातील बहुतांश पीक सस्कॅचेवनचे आणि भारत त्याचा मोठा ग्राहक. २०१७च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर ५० टक्के, तर हरभरा व मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा सस्कॅचेवनच्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामाचे गणित पुन्हा मांडले. नोव्हा स्कॉशियात त्याची वार्ताही फारशी पोहोचली नसेल. खतासाठी लागणाऱ्या पोटॅशच्या उत्पादनात कॅनडा जगात पहिला आहे आणि ते जवळपास सारे याच प्रांतातून निघते. गव्हाच्या भावावर हेलकावे खाणाऱ्या याच प्रांताने १९६२ मध्ये सर्व नागरिकांना सरकारी आरोग्यविमा देऊन देशाला वाट दाखवली.

अल्बर्टाची कथा वेगळ्या वळणाची आहे. अल्बर्टा आणि सस्कॅचेवन हे प्रांत १९०५ मध्ये निर्माण झाले, तरी त्यांच्या भूगर्भातील संपत्ती केंद्राने स्वतःकडेच ठेवली होती. पूर्वेकडील प्रांतांना आरंभापासून असलेला हा हक्क मैदानी प्रांतांना १९३० मध्ये मिळाला. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी लेड्युक येथे तेलाची विहीर लागली आणि शेतीप्रधान अल्बर्टा पालटला. पुढे अथाबास्का नदीच्या परिसरातील तेलवाळूतून डांबरासारखे घट्ट तेल काढण्याचे तंत्र साधले. कॅनडाच्या ज्ञात तेलसाठ्यांपैकी सुमारे ९७ टक्के साठा या वाळूत आहे. त्या महसुलाच्या बळावर अल्बर्टा आजही आपल्या नागरिकांकडून प्रांतिक विक्रीकर घेत नाही.

पण या प्रांताला समुद्र नाही. तेल काढले तरी ते दुसऱ्याच्या भूमीतूनच बाहेर न्यावे लागते. उत्तर ब्रिटिश कोलंबियातून जाणारी वाहिनी केंद्राने २०१६ मध्ये नाकारली. पूर्वेकडे जाणारी वाहिनी क्वेबेकमधील तीव्र विरोधानंतर २०१७ मध्ये बारगळली. अमेरिकेत जाणाऱ्या ‘कीस्टोन एक्सएल’चा परवाना २०२१ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी रद्द केला. परिणामी अल्बर्टाचे तेल जवळपास एकाच ग्राहकाला आणि म्हणून जागतिक भावापेक्षा कमी दराने विकावे लागले. दुसरीकडे देशातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना न्यू ब्रन्सविकमध्ये आहे आणि तिथे अल्बर्टाची वाहिनी पोहोचत नाही. त्याला लागणारे तेल मुख्यतः समुद्रमार्गे, बव्हंशी परदेशांतून येते.

ब्रिटिश कोलंबिया : पर्वतापलीकडचा प्रांत

रॉकी पर्वत ओलांडला की हवामान आणि दृष्टी दोन्ही बदलतात. सागरी वाऱ्यांमुळे व्हँकूव्हरचा हिवाळा सौम्य असतो. लाकूड, सालमन मासा, खाणी आणि चित्रपटनिर्मिती हे इथले व्यवसाय. व्हँकूव्हर हे देशातील सर्वांत मोठे बंदर आहे. प्रेअरीचा गहू, मसूर आणि पोटॅश इथूनच आशियाकडे निघतो. इथल्या लाकडावरून अमेरिकेशी चाललेला वाद चार दशकांहून जुना आहे.

प्रशांत किनाऱ्याचे वैभव जपू पाहणारा हा प्रांत आणि समुद्राला आसुसलेला अल्बर्टा यांच्यात संघर्ष अटळ होता. ‘ट्रान्स माउंटन’ तेलवाहिनीच्या विस्ताराला ब्रिटिश कोलंबियाने विरोध केला. खासगी मालक मागे सरू लागला, तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती वाहिनीच ४.५ अब्ज कॅनेडियन डॉलरना विकत घेतली. मे २०२४ मध्ये विस्तारित वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता आता रोज ८ लाख ९० हजार पिंपांची आहे. दोन प्रांतांच्या भांडणात केंद्राला स्वतः तेलवाहिनीचा मालक व्हावे लागले.

उत्तर : भारताहून मोठा, तिसवाडीहून विरळ

युकॉन, वायव्य प्रदेश आणि नुनावुत या तीन प्रदेशांचे एकत्रित क्षेत्रफळ भारतापेक्षा मोठे आहे. लोकसंख्या मात्र २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख १८ हजार, म्हणजे आपल्या तिसवाडी तालुक्याहूनही कमी. १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या नुनावुतमध्ये बहुसंख्य लोक इन्युइट आहेत. तिथल्या २५ वस्त्यांना परस्परांशी किंवा दक्षिणेशी जोडणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात जहाज येते, एरवी विमान. त्यामुळे दूध, भाजी, इंधन सारेच महाग. सोने, लोखंड आणि हिरे यांच्या खाणी आहेत, पण हिऱ्यांच्या जुन्या खाणींचे आयुष्य सरत आले आहे. सरकारी खर्चाचा मोठा भाग केंद्र उचलते.

तरीही हा प्रदेश दुर्लक्षिता येत नाही. ध्रुवीय समुद्रातील बर्फ कमी होत आहे. जहाजांचे मार्ग, खनिजे आणि संरक्षण या तिन्ही कारणांनी ओटावाचे लक्ष आता उत्तरेकडे वळले आहे.

धागा : समानीकरणाचा निधी

इतक्या विषम तुकड्यांना जोडणारा सर्वांत भक्कम धागा पैशाचा आहे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या समानीकरण योजनेला १९८२च्या राज्यघटनेत, कलम ३६ मध्ये, स्थान मिळाले. तत्त्व असे : नागरिक कोणत्याही प्रांतात राहत असला तरी साधारण सारख्या करभारात त्याला साधारण सारख्या दर्जाच्या शाळा, रुग्णालये आणि सेवा मिळाव्यात. ज्या प्रांताची कर उभारण्याची क्षमता सरासरीपेक्षा कमी, त्याला केंद्र विनाअट रक्कम देते. २०२४-२५ मध्ये ही रक्कम २५ अब्ज डॉलरच्या आसपास होती. त्यातील १३ अब्जांहून अधिक एकट्या क्वेबेकला मिळाले. अल्बर्टा, सस्कॅचेवन आणि ब्रिटिश कोलंबियाला काहीही मिळाले नाही.

भांडणाचे मूळ इथे आहे. ‘आमच्या तेलाच्या पैशावर क्वेबेक चालतो आणि तोच आमची वाहिनी अडवतो’ ही अल्बर्टाची तक्रार. वस्तुतः अल्बर्टाचे सरकार कुणालाही धनादेश पाठवत नाही. हा पैसा केंद्राच्या करांतून येतो आणि ते कर सर्व प्रांतांतील लोक भरतात. अल्बर्टातील लोकांचे सरासरी उत्पन्न अधिक म्हणून त्यांचा करही अधिक. मात्र तक्रारीत तथ्यही आहे. क्वेबेक आपली जलविद्युत स्वस्तात वापरतो, त्यामुळे सूत्रात तिचे उत्पन्न कमी दिसते. तेलाचा महसूल मात्र बाजारभावाने उघडा पडतो. २०२१च्या सार्वमतात अल्बर्टातील सुमारे ६२ टक्के मतदारांनी हे कलम घटनेतून काढावे असा कौल दिला. त्याने घटना बदलली नाही, पण नाराजीची नोंद झाली.

भारतात हे काम वित्त आयोग करतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्रीय करांच्या राज्यांतील वाटपात गोव्याला ०.३८६ टक्के वाटा दिला, तेव्हा दरडोई उत्पन्न अधिक असणे हा गुन्हा आहे काय, असा प्रश्न आपणही विचारू शकतो. अल्बर्टाचा सवाल त्याच जातीचा आहे. उत्तरही तेच आहे : संघराज्यात समृद्धीची किंमत मोजावी लागते, पण ती मोजणाऱ्याचे म्हणणे ऐकले गेले नाही तर धागा ताणला जातो.

परीक्षेचे वर्ष

कॅनडाच्या निर्यातीपैकी सुमारे तीनचतुर्थांश माल अमेरिकेला जातो. २०२५च्या आयातशुल्काने म्हणूनच साऱ्या देशाला हादरा दिला, पण प्रत्येक प्रांताला तो वेगळ्या जागी बसला. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान आणि प्रांतप्रमुखांनी संयुक्त निवेदन काढले, त्यावर अल्बर्टाच्या प्रमुख डॅनिएल स्मिथ यांनी स्वाक्षरी केली नाही. अमेरिकेला धडा शिकवण्यासाठी तेलाची निर्यात रोखण्याचा किंवा तिच्यावर कर बसवण्याचा पर्याय खुला ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ओंटारिओचे कारखाने वाचवण्यासाठी अल्बर्टाचे तेल डावावर लावायचे काय, हा तो पेच होता.

त्याच संकटाने एक जुनी विसंगतीही पुढे आणली. अनेक वस्तू आणि व्यवसाय यांच्याबाबत कॅनडाच्या दोन प्रांतांतील व्यवहार अमेरिकेशी होणाऱ्या व्यवहारापेक्षा अवघड होता. मद्यविक्रीचे नियम वेगळे, मालमोटारींचे नियम वेगळे, परिचारिकेचा परवाना वेगळा. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतील असे अडथळे दूर करणारा कायदा संमत केला. प्रांतांच्या अखत्यारीतील अडथळे प्रांतांनीच काढायचे आहेत.

जाणाऱ्याने काय पाहावे

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि तिची वाटणी प्रांतांच्या लोकसंख्येनुसार केली. ओंटारिओत विद्यार्थ्यांची गर्दी त्या प्रमाणाबाहेर होती, म्हणून सर्वांत मोठी कपात तिथेच झाली. काही लहान प्रांतांत मात्र जागा शिल्लक राहिल्या. कायम निवासासाठी बहुतेक प्रांतांच्या स्वतःच्या नामनिर्देशन योजना आहेत आणि त्यांचे निकष स्थानिक गरजेनुसार ठरतात. क्वेबेक आपले स्थलांतरित १९९१च्या करारानुसार स्वतः निवडतो आणि तिथे फ्रेंचला पर्याय नाही. आरोग्यपत्र प्रांताचे, अभियंत्याचा वा परिचारिकेचा परवाना प्रांताचा, किमान वेतनही बहुतेक नोकऱ्यांत प्रांताचेच. कायम निवासी झाल्यावर देशात कुठेही जाण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे, पण पहिली काही वर्षे ज्या प्रांतात पाऊल टाकले तिथलेच नियम लागू होतात.

म्हणून कुणी ‘कॅनडाला जातो’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न ‘कोणत्या प्रांतात?’ हाच असायला हवा. तिथे कोणता उद्योग आहे, त्याचा ग्राहक कोण आहे आणि तो उद्योग मंदावला तर दुसरे काय आहे, हे दलालाच्या कार्यालयातील रंगीत पत्रकात छापलेले नसते. नकाशा पुढे ठेवून घरातल्यांनीच ते शोधायचे असते. आणि आम्हा मथळे लिहिणाऱ्यांनाही ‘कॅनडाला फटका’ या दोन शब्दांवर यापुढे थांबता येणार नाही.